उघाडी

दोन दिवस डोक्याला तेल नको, हे आधीच कळवलेलं असतं.
बाळाराम मढवी आला तेव्हा केस राठ, धुतलेले,
आणि तो सारखा टाळूवर हात फिरवत होता
परक्याचं डोकं चाचपल्यासारखा.

बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर आमची खोली.
खिडकीला काळा कागद. एसी चोवीसवर.
मी कापसाने कातडी पुसते, जेल भरते,
बत्तीस तारा लावते एकेक,
वेणी घालताना पोरीची धरतात तशी हनुवटी धरून.
संमतीच्या कागदावर त्याची सही होती.
वळणदार, शाळेतली.

काही बोलायचं नाही, मी सांगते. फक्त बघायचं.
पापण्या कमी हलवा.
इथे खोटं बोलायची सोयच नाही,
कारण कुणी काही विचारतच नाही.

पडद्यावर सहा चित्रं, उलटसुलट, तीस-तीस वेळा:
पेट्रोल पंप. मॉलचा सरकता जिना.
पाण्याची टाकी. शाळेचं फाटक. रिक्षा स्टँड.
आणि खाडीच्या बांधावरची उघाडी,
जिच्या फळ्यांमागे, चिखलात
बिल्डरच्या ऑफिसातली तिजोरी सापडली. रिकामी.

एकदाचं ओळखणं गोंगाटात बुडून जातं.
तीस तुकडे एकावर एक रचावे लागतात,
तेव्हा कुठे एक टेकडी उभी राहते
तीनशे मिलिसेकंदांच्या जरा पुढे,
'अरे, हे तर माहितीय' असं आपल्याला कळायच्या आत.

पाच चित्रांना सपाट खाजण.
सहाव्याला टेकडी.

इन्स्पेक्टर धुमाळे माझ्या खांद्यावरून वाकले.
म्हणाले, चोराच्या मनात चांदणं.
मी म्हटलं, साहेब, यंत्राला चांदणं दिसतं.
चोर नाही दिसत.
ते हसले. रिपोर्ट किती वाजता मिळेल, विचारलं.

ओल्या पंचाने केसातलं जेल काढत होते
तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.
"बाय, ती उघारी आमचे बापाची.
भरतीला फल्या टाकाच्या, व्हटीला काराच्या.
जमीन गेली. ती रायली."
आणि मग, टाळू माझ्या हातात तशीच ठेवून,
"आतमंदी काय दिसला?"

मी म्हटलं, मान जरा खाली करा.

रिपोर्टात दोनच रकाने आहेत:
माहिती आहे. माहिती नाही.
कुठून, कधीपासून, कुणाच्या खांद्यावर बसून,
याला जागा नाही.
मी 'आहे'वर खूण केली.
खाली शेऱ्यात बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्या,
बाप, बांध, भरती.
शेरे कुणी वाचतं का, मला ठाऊक नाही.
व्हॅनमध्ये चढताना त्याने
खिशातून छोटी बाटली काढून डोक्याला तेल लावलं. इतकं पाहिलं.

यंत्र नवं आलं तेव्हा आम्ही एकमेकांवरच चाचणी घेतली होती.
माझं लपवायचं पान चौकट सत्ती.
नीलकंठने मध्ये भरताड म्हणून गावांची नावं टाकली,
कळवा, उरण, तुर्भे, पनवेल, असलीच काहीबाही.
चौकट सत्तीला बेताचा उंचवटा आला.
तुर्भ्याला टेकडी.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"पापणी हलली असेल," म्हणाला,
आणि फाइल बंद केली. पुसली की ठेवली,
मी विचारलं नाही.

पापणी हलली नव्हती.

घरी जाणारी बस तुर्भे नाक्याला
कधीकधी सहा-सहा मिनिटं अडकते.
मी तिकीट वाचते. पुढून.
मग मागून.